क्वांटम संगणक आणि कॉम्बिनेटोरियल ऑप्टिमायझेशन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विद्यार्थी, वेळापत्रकं आणि मार्ग-आखणीवर काम करणारे अभियंते आणि बातम्या वाचून उत्सुक झालेले वाचक यांच्याकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीचे प्रश्न पायाभूत आहेत, पुढचे प्रत्यक्ष काम करताना अडवणारे. कोणतंही उत्तर सुटं वाचता येईल. एखादा मुद्दा दुसरीकडे सविस्तर आला असेल तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. कॉम्बिनेटोरियल ऑप्टिमायझेशन म्हणजे काय? आजचे संगणक इतके वेगवान असताना त्यात अवघड काय आहे?

पर्याय मोजता येण्यासारखे असतात, पण संख्येने प्रचंड. त्यांतून सर्वांत स्वस्त, सर्वांत कमी अंतराचा किंवा सर्वाधिक फायद्याचा पर्याय निवडायचा असतो. सगळी शहरं एकेकदा फिरून परत येणाऱ्या विक्रेत्याचा मार्ग, कुणाला कोणती पाळी द्यायची हे ठरवणं, कोणतं विमान कोणत्या गेटवर लावायचं हे ठरवणं, हे सगळे याच कुळातले प्रश्न. १० शहरांच्या फेरीचे १,८१,४४० वेगवेगळे मार्ग होतात. २० शहरं घेतली की हाच आकडा ६ वर १६ शून्यं इतका होतो.

मात्र पर्याय पुष्कळ आहेत म्हणून प्रश्न अवघड ठरतो, असं नाही. दोन ठिकाणांमधला सर्वांत जवळचा रस्ता शोधतानाही पर्याय अगणित असतात, तरी तो क्षणात सापडतो, कारण त्या प्रश्नाला चांगली रचना आहे. अशी सोपी वाट आजवर न सापडलेल्या प्रश्नांच्या एका मोठ्या कुळाला एनपी-हार्ड म्हणतात. रिचर्ड कार्प यांनी १९७२ मध्ये अशा २१ प्रश्नांची यादी मांडली आणि त्यांतला एक झटपट सुटला तर सगळेच सुटतील, हे दाखवलं.

आणखी एक आकडा पुढच्या सगळ्या चर्चेत ध्यानात ठेवावा: ८५,९०० बिंदूंचा विक्रेत्याचा प्रश्न २००६ मध्ये साध्या, म्हणजे क्वांटम नसलेल्या संगणकांवर, काँकॉर्ड या सॉल्व्हरने (असे प्रश्न सोडवणाऱ्या प्रोग्रॅमने), सर्वोत्तम असल्याच्या सिद्धतेसह सोडवला गेला. एनपी-हार्ड हे वर्णन सर्वांत वाईट उदाहरणांचं असतं. रोजच्या कामातली उदाहरणं पुष्कळदा त्याहून बरी निघतात.

२. क्वांटम संगणक सगळी उत्तरं एकाच वेळी तपासतो, हे खरं ना?

अर्धं खरं, आणि राहिलेलं अर्धंच महत्त्वाचं. क्युबिट म्हणजे क्वांटम संगणकाचा बिट; ५० क्युबिट २ च्या ५० व्या घाताइतक्या बिट-माळांच्या सुपरपोझिशनमध्ये, म्हणजे एकत्रित अवस्थेत, ठेवता येतात आणि त्या साऱ्यांवर खर्चाचं सूत्र एकदम चालवता येतं. पण शेवटी मोजमाप केलं की हाती एकच माळ येते. आधी काहीच केलं नसेल तर ती निव्वळ यादृच्छिक असते. चिठ्ठी काढूनही तेवढंच मिळालं असतं.

खरं काम व्यतिकरण (इंटरफेरन्स) करतं. प्रत्येक पर्यायाला एक आयाम (ॲम्प्लिट्यूड) असतो आणि तो धन, ऋण किंवा संमिश्र असू शकतो. चुकीच्या उत्तरांचे आयाम एकमेकांना खोडून काढतील आणि चांगल्या उत्तरांचे एकमेकांत मिसळून वाढतील, अशी गेटची (क्युबिटांवरच्या मूलभूत क्रियांची) मालिका रचणं म्हणजे क्वांटम अल्गोरिदम लिहिणं. अशी मालिका कोणत्या प्रश्नांसाठी सापडते, यावरच या विषयाचं सगळं भवितव्य अवलंबून आहे.

३. मग क्वांटम संगणक एनपी-हार्ड प्रश्न झटपट सोडवू शकतो का?

तसं मानायला आज कोणताही आधार नाही. सिद्धता दोन्ही बाजूंनी नाही, पण जाणकारांचा कल स्पष्टपणे ‘नाही’कडे आहे. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात बेनेट, बर्नस्टाइन, ब्रासार आणि वझिरानी यांनी दाखवलं की प्रश्नाच्या रचनेचा काहीच उपयोग न करता नुसता शोध घ्यायचा असेल, तर क्वांटम संगणकालाही पर्यायांच्या संख्येच्या वर्गमूळाइतक्या पायऱ्या लागतातच.

इथे पुष्कळ जण शोरच्या १९९४ च्या अल्गोरिदमचा दाखला देतात. तो मोठ्या संख्यांचे अवयव झटपट पाडतो, पण तो चालतो अवयवांच्या गणितात दडलेल्या आवर्ती रचनेमुळे. शिवाय अवयव पाडणं हा एनपी-कम्प्लीट, म्हणजे कार्पच्या यादीतल्या प्रश्नांच्या तोलाचा, प्रश्न असल्याचं मानलं जात नाही. म्हणून त्या यशावरून वेळापत्रकाच्या प्रश्नाबद्दल काही अनुमान काढता येत नाही.

४. ग्रोव्हरचा अल्गोरिदम वर्गमूळाइतका वेग देतो. तेवढा फायदा पुरेसा नाही का?

लव ग्रोव्हर यांनी १९९६ मध्ये दिलेला हा अल्गोरिदम सिद्ध आहे, सुंदर आहे आणि त्यावरून किमान किंमत शोधण्याची पद्धतही लगेच तयार झाली. व्यवहारात काय होतं, ते हिशेब मांडून पाहू.

६० बिटांचा प्रश्न घ्या. पर्याय सुमारे १.१५ गुणिले १० चा १८ वा घात. साधा संगणक सेकंदाला १०० कोटी पर्याय तपासतो असं धरलं, तर एका प्रोसेसरला सुमारे ३६ वर्षं लागतात. ग्रोव्हरला सुमारे ८४ कोटी फेऱ्या लागतात. त्रुटी-दुरुस्तीसह चालणाऱ्या यंत्रावर एका फेरीला १ मिलीसेकंद लागतो असं धरलं, तर हे काम जवळपास १० दिवसांत संपतं. ३६ वर्षांपुढे १० दिवस भव्य वाटतात. पण साधे १००० प्रोसेसर एकत्र लावले की तेही १३ दिवसांवर येतात. ग्रोव्हरच्या फेऱ्या एकामागून एकच कराव्या लागतात. क्वांटम यंत्रं १००० लावली तरी वेग फक्त सुमारे ३२ पट वाढतो.

याहूनही मोठी अडचण अशी की या हिशेबातला साधा संगणक बुद्धी न वापरता एकेक पर्याय तपासतो आहे. खरे सॉल्व्हर तसं कधीच करत नाहीत. शाखा छाटत, मर्यादा लावत ते बहुतेक पर्याय न पाहताच बाद करतात. या छाटणीवरही वर्गमूळाचा फायदा मिळवून देणारे क्वांटम अल्गोरिदम आहेत, अ‍ॅशली मोंटानारो यांचं काम त्यात विशेष आहे. पण यंत्राच्या मंद गतीचा अडसर तिथेही तसाच राहतो (प्रश्न १६ पाहा).

५. माझा प्रश्न क्वांटम यंत्रासाठी कसा मांडायचा?

बहुतेक वेळा क्यूबो नावाच्या साच्यात. ० किंवा १ घेणारी चलं, त्यांची एकेरी पदं, दोघा-दोघांच्या गुणाकाराची पदं आणि या सगळ्यांची बेरीज कमीत कमी करायची. ० आणि १ ऐवजी उणे १ आणि अधिक १ घेतले की हाच साचा भौतिकशास्त्रातलं ईझिंग मॉडेल होतो. चुंबकीय फिरकींची सर्वांत कमी ऊर्जेची मांडणी म्हणजे तुमचं उत्तर. कार्पच्या यादीतल्या प्रश्नांसाठी अशी मांडणी कशी करायची, ते अँड्र्यू लुकास यांनी २०१४ च्या निबंधात एकेक करून दाखवलं आहे.

सर्वांत सोपं उदाहरण मॅक्स-कटचं. ग्राफच्या, म्हणजे बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या कडा यांच्या जाळ्याच्या, शिरोबिंदूंचे दोन गट पाडायचे आणि गटांमधून जाणाऱ्या कडा जास्तीत जास्त ठेवायच्या. कडेच्या टोकांची चलं अ आणि ब असतील तर ‘अ + ब − २अब’ हे पद दोघं वेगळ्या गटांत असतानाच १ होतं, एरवी ०. सगळ्या कडांची अशी पदं मिळवून ऋण चिन्ह लावलं की क्यूबो तयार.

नियम असलेल्या प्रश्नांत नियम मोडल्याचा दंड खर्चात मिळवावा लागतो. ‘तीन पर्यायांपैकी नेमका एक निवडा’ हा नियम (अ + ब + क − १) चा वर्ग असा लिहितात. चल ० किंवा १ च असल्यामुळे अ चा वर्ग म्हणजे अ, आणि विस्तार होतो: १ − अ − ब − क + २अब + २बक + २अक. एकच निवडला तर दंड ०, एकही नाही किंवा दोन निवडले तर १, तिन्ही निवडले तर ४. ‘वजन १०० च्या आत’ अशा मर्यादेला उरलेली जागा मोजण्यासाठी आणखी ७ बिट जोडावे लागतात.

या मांडणीची किंमत फार थोडे लोक मोजतात. विक्रेत्याचा १० शहरांचा प्रश्न ‘कोणतं शहर कितव्या क्रमांकावर’ अशा १०० बिटांत बसतो. या १०० बिटांच्या माळा होतात १ वर ३० शून्यं याहूनही जास्त. त्यांतल्या नियम पाळणाऱ्या माळा फक्त ३६,२८,८००. म्हणजे १,८१,४४० मार्गांचा मूळ प्रश्न आपणच अफाट पसाऱ्यात नेऊन ठेवला. क्रमवारीच्या प्रश्नांवर क्यूबो मांडणी इतकी निराश का करते, याचं मुख्य कारण हेच आहे. मॅक्स-कटसारख्या नियम नसलेल्या प्रश्नांना हा त्रास नाही, म्हणूनच प्रयोगांत ते इतके दिसतात.

६. दंडाचा गुणक किती ठेवायचा? माझी उत्तरं एक तर नियम मोडतात, नाही तर नियम पाळून खूप महाग येतात.

गुणक कमी असेल तर नियम मोडून होणारी बचत दंडापेक्षा मोठी ठरते. म्हणून एक नियम मोडून जास्तीत जास्त किती वाचू शकतं, ते काढा आणि गुणक त्याच्या थोडा वर ठेवा. विक्रेत्याच्या प्रश्नात तो सर्वांत लांब अंतराहून मोठा हवा.

गुणक फार मोठा ठेवला तर दुसरं टोक गाठलं जातं. यंत्रातल्या जोडण्यांची ताकद ठरावीक पट्ट्यातच बसवता येते, त्यामुळे सगळे आकडे त्या प्रमाणात लहान करावे लागतात. दंड अवाढव्य असला की खऱ्या खर्चातले फरक आकसून यंत्राच्या गोंगाटात बुडतात. यंत्र नियम पाळतं, पण स्वस्त आणि महाग यांतला भेद त्याला दिसत नाही. प्रत्येक नियमाला वेगळा गुणक ठेवा आणि लहान उदाहरणांवर चढत्या क्रमाने तपासत जा. गेटच्या यंत्रावर काम करत असाल तर दंड टाळण्याचीही सोय आहे (प्रश्न १०).

७. ॲनीलर आणि गेटवर चालणारा क्वांटम संगणक यांत फरक काय?

ॲनीलर एकाच कामासाठी बांधलेला असतो: ईझिंग मॉडेलची कमी ऊर्जेची मांडणी शोधणं. डी-वेव्ह कंपनीची यंत्रं या प्रकारची. २०११ मध्ये १२८ क्युबिट, २०१७ मध्ये २०४८ आणि २०२० मध्ये ५००० हून अधिक. गेटच्या संगणकावर कोणताही क्वांटम अल्गोरिदम चालवता येतो. तिथे क्युबिट कमी आहेत, पण दर क्युबिटवरचं नियंत्रण पुष्कळ जास्त. गूगलच्या २०२४ च्या विलो चिपवर १०५ क्युबिट होते. दोन प्रकारांच्या क्युबिट-संख्यांची तुलना करण्यात अर्थ नाही.

८. ॲनीलर भौतिकशास्त्राच्या नियमानेच सर्वांत कमी ऊर्जेला जातो, मग दर वेळी सर्वोत्तम उत्तर का देत नाही?

कल्पना अशी. सुरुवातीला सगळे क्युबिट एका सोप्या चुंबकीय क्षेत्रात असतात आणि त्या व्यवस्थेची किमान ऊर्जेची अवस्था आपल्याला ठाऊक असते. मग ते क्षेत्र हळूहळू उतरवत आपल्या प्रश्नाची ऊर्जा चढवत न्यायची. बदल पुरेसा सावकाश केला तर व्यवस्था किमान अवस्थेतच राहते आणि शेवटी उत्तर हाती येतं. कादोवाकी आणि निशिमोरी यांनी १९९८ मध्ये आणि फार्ही, गोल्डस्टोन, गुटमन व सिप्सर यांनी २००० मध्ये ही वाट स्पष्ट मांडली.

‘पुरेसा सावकाश’ या शब्दांत सगळी मेख आहे. वाटेत किमान ऊर्जा आणि तिच्या वरची ऊर्जा यांमधलं अंतर एखाद्या ठिकाणी अगदी अरुंद होतं. लागणारा वेळ ढोबळमानाने या अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असतो. अवघड उदाहरणांत हे अंतर चलांच्या संख्येबरोबर घातांकी वेगाने आकसू शकतं, म्हणजे वेळही घातांकी वाढतो. प्रश्नाचा अवघडपणा नाहीसा होत नाही, तो या फटीत येऊन बसतो.

शिवाय खरं यंत्र आदर्श नसतं. ते निरपेक्ष शून्याच्या वर सुमारे १५ मिलिकेल्व्हिन तापमानाला चालतं, पण तेवढी उष्णताही व्यवस्थेला वरच्या अवस्थेत ढकलायला पुरते. जोडण्यांची ताकद हव्या त्या आकड्यावर तंतोतंत बसत नाही. म्हणून एकच प्रश्न हजारो वेळा चालवतात आणि मिळालेल्या उत्तरांतलं सर्वांत चांगलं घेतात.

९. यंत्रात ५००० क्युबिट आहेत, मग माझा ५००० चलांचा प्रश्न बसेल का?

क्वचितच. प्रत्येक क्युबिट ठरावीक शेजाऱ्यांशीच जोडलेला असतो: डी-वेव्हच्या २०४८ क्युबिटच्या यंत्रात ६ शेजाऱ्यांशी, ५००० च्या पिढीत १५ शेजाऱ्यांशी. तुमच्या प्रश्नात एका चलाचा संबंध ४० चलांशी असेल, तर तेवढ्या जोडण्या जमवण्यासाठी अनेक क्युबिटांची साखळी करून ती एकच चल म्हणून वापरावी लागते. प्रत्येक चल प्रत्येकाशी जोडलेलं असेल तर २०४८ क्युबिटांच्या यंत्रात सुमारे ६४ चलंच बसायची.

साखळीतले क्युबिट एकमेकांशी घट्ट बांधावे लागतात, आणि तरी मोजमापाच्या वेळी काहींची उत्तरं फुटतात. बांधणी फार घट्ट केली तर प्रश्न ६ मधलीच अडचण पुन्हा उभी राहते. म्हणून यंत्र निवडण्याआधी आपल्या प्रश्नाचा ग्राफ किती दाट आहे, ते पाहा. क्युबिटच्या आकड्याहून ते जास्त सांगून जातं.

१०. क्यूएओए म्हणजे काय?

क्वांटम अ‍ॅप्रॉक्सिमेट ऑप्टिमायझेशन अल्गोरिदम: गेटच्या संगणकासाठी फार्ही, गोल्डस्टोन आणि गुटमन यांनी २०१४ मध्ये मांडलेली पद्धत. सगळ्या माळांच्या समान सुपरपोझिशनपासून सुरुवात करायची. मग दोन क्रिया आलटून पालटून: पहिली प्रत्येक माळेच्या आयामाला तिच्या खर्चाप्रमाणे कला (फेज) देते, दुसरी माळांचे आयाम एकमेकांत मिसळते. प्रत्येक थराला दोन कोन असतात. हे कोन साध्या संगणकावरचा ऑप्टिमायझर बदलत राहतो आणि सरासरी खर्च खाली आणतो. थर वाढवत नेले की मर्यादेत ही पद्धत सर्वोत्तम उत्तरापर्यंत पोहोचते, कारण ती प्रश्न ८ मधल्या सावकाश प्रवासाची तुकड्या-तुकड्यांची नक्कल करू शकते.

मिसळण्याची क्रिया आपल्या हातात असते. ‘नेमका एक निवडा’ हा नियम जी मिसळण कधीच मोडत नाही, अशी मिसळण घेतली तर दंडाची गरज उरत नाही. स्टुअर्ट हॅडफील्ड आणि सहकाऱ्यांनी ही दिशा पुढे नेली. क्रमवारीच्या प्रश्नांसाठी मला हीच वाट जास्त योग्य वाटते, सर्किट लांबत असलं तरी.

११. क्यूएओएने साध्या अल्गोरिदमला हरवलं आहे का?

एकदा काही काळ हरवलं होतं. मॅक्स-ई३लिन२ नावाच्या समीकरणांच्या प्रश्नावर फार्ही आणि सहकाऱ्यांनी क्यूएओएसाठी जी हमी सिद्ध केली, ती त्या वेळी ज्ञात असलेल्या कोणत्याही साध्या अल्गोरिदमच्या हमीहून सरस होती. ते वाचून दहा संशोधक कामाला लागले आणि २०१५ मध्ये त्यांनी तिच्यावर मात करणारा साधा अल्गोरिदम दिला. त्या साध्या अल्गोरिदमसाठी क्वांटम कल्पनेनेच धक्का दिला होता, आणि असं घडणं मला या क्षेत्राचं मोठं देणं वाटतं.

मॅक्स-कटवर चित्र स्पष्ट आहे. प्रत्येक शिरोबिंदूला तीन कडा असलेल्या ग्राफवर एका थराचा क्यूएओए किमान ०.६९२४ इतकं गुणोत्तर देतो. नाणं उडवून गट पाडले तरी सरासरी ०.५ मिळतं. गोमन्स आणि विल्यमसन यांचा १९९५ चा साधा अल्गोरिदम कोणत्याही ग्राफवर ०.८७८ ची हमी देतो. थर वाढवले की क्यूएओए सुधारतो, पण त्याची सर्वसाधारण हमी सिद्ध करणं कठीण आहे.

सर्वांत आशादायक आकडे ‘लॅब्स’ नावाच्या प्रश्नावरचे आहेत. त्यात अधिक-उणे एकची अशी माळ शोधायची असते की ती स्वतःच्याच सरकवलेल्या प्रतींशी कमीत कमी जुळेल. रुस्लान शायदुलिन आणि सहकाऱ्यांनी ४० क्युबिटपर्यंतच्या सिम्युलेशनवरून काढलं की क्यूएओए आणि क्वांटम किमान-शोध एकत्र वापरल्यास वेळ १.२१ च्या ‘न’व्या घाताप्रमाणे वाढतो (न म्हणजे माळेची लांबी). ज्ञात सर्वोत्तम साध्या शोधपद्धतीचा वेळ १.३४ च्या ‘न’व्या घाताप्रमाणे वाढतो. हा कल लहान आकारांवरून काढलेला आहे आणि तो खऱ्या प्रश्नावर वापरायला त्रुटी-दुरुस्त यंत्र लागेल. तरीही घाताचा पाया बदलतोय, म्हणून ही बातमी महत्त्वाची.

१२. कोन शोधताना माझा ऑप्टिमायझर जागचा हलत नाही. कोडमध्ये चूक आहे का?

असू शकते, पण आधी दुसरी शक्यता तपासा. जॅरड मॅक्लीन आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये दाखवलं की यादृच्छिक स्वरूपाच्या खोल सर्किटांत खर्चाचा उतार क्युबिटांच्या संख्येबरोबर घातांकी वेगाने सपाट होत जातो. सगळीकडे सपाट पठार असेल तर कोणत्या दिशेला सरकावं हे ऑप्टिमायझरला कळणारच नाही, आणि थोडाफार उतार असला तरी मोजमापांच्या गोंगाटात तो हरवतो.

उपाय आहेत. कोन यादृच्छिक न घेता लहान उदाहरणावर सापडलेले कोन मोठ्याला वापरा. एकाच प्रकारच्या ग्राफवर चांगले कोन जवळपास सारखे राहतात. एका थराचे कोन शोधून त्यांवरून दोन थरांची सुरुवात करा. ॲनीलिंगसारखी चढती-उतरती कोनांची मालिकाही चांगला आरंभ देते.

१३. सिम्युलेटरवर उत्तम चाललेलं सर्किट खऱ्या यंत्रावर का बिघडतं?

गुणाकारामुळे. दोन क्युबिटांचं प्रत्येक गेट ९९.९ टक्के अचूक असलं तरी अशी १००० गेट निर्दोष पार पडण्याची संभाव्यता सुमारे ३७ टक्के उरते, ५००० गेटना १ टक्क्याहूनही कमी. त्यात ज्या क्युबिटांना एकमेकांशी बोलायचं आहे ते चिपवर शेजारी नसतील तर अदलाबदलीची जास्तीची गेट घालावी लागतात. म्हणून सर्किट यंत्रासाठी भाषांतरित झाल्यावर त्यात गेट किती झाली, तो आकडा आधी पाहा.

१४. ‘क्वांटम यंत्र दहा कोटी पट वेगवान’ ही बातमी खोटी होती का?

खोटी नव्हती, अपुरी होती. गूगलच्या संशोधकांनी २०१५ मध्ये डी-वेव्हचं यंत्र ९४५ चलांच्या एका खास घडवलेल्या प्रश्नावर चालवलं आणि एकाच प्रोसेसरवर चालणाऱ्या सिम्युलेटेड ॲनीलिंगच्या तुलनेत ते सुमारे १० कोटी पट वेगवान ठरलं. प्रश्नच असा घडवला होता की उंच पण अरुंद अडथळे यावेत. उष्णतेच्या भरवशावर डोंगर चढून जाणाऱ्याला ते अडवतात, आरपार बोगद्याने जाणाऱ्याला नाही. त्यावरून यंत्रात क्वांटम टनेलिंग कामी येतं याचा चांगला पुरावा मिळाला. पण तोच प्रश्न दुसऱ्या साध्या अल्गोरिदमनी जलद सोडवता येत होता, आणि हे खुद्द त्या निबंधातही नमूद होतं. मथळ्यात ते आलं नाही.

२०२२ मधला प्रयोगही असाच वाचावा. हार्वर्ड आणि क्युएरा कंपनी यांच्या संशोधकांनी २८९ पर्यंत रुबिडियम अणू लेझरने जागच्या जागी धरून ग्राफमधला सर्वांत मोठा स्वतंत्र संच, म्हणजे कडेने एकमेकांशी न जोडलेल्या शिरोबिंदूंचा गट, शोधला. जवळचे दोन अणू एकदम उत्तेजित होऊ शकत नाहीत, म्हणून नियम निसर्गच पाळून देतो, दंड लागत नाही. तंत्र म्हणून ते विलक्षण आहे. त्या कुळातले ग्राफ मात्र चांगले साधे सॉल्व्हर त्याहून कितीतरी मोठ्या आकाराचे सोडवतात.

१५. हायब्रिड सॉल्व्हरने मला छान उत्तर दिलं. ते क्वांटमचं यश मानू का?

उत्तर वापरा, श्रेय मात्र तपासून द्या. हायब्रिड सेवा मोठा प्रश्न साध्या संगणकावर हाताळतात आणि त्याचे तुकडे अधूनमधून क्वांटम यंत्राकडे पाठवतात. क्वांटम भाग काढून तिथे साधा शोध लावला तर निकाल किती बदलतो, ही चाचणी शक्य असेल तिथे कराच.

गोंधळ वाढवणारा आणखी एक प्रकार म्हणजे क्वांटम-प्रेरित यंत्रं. फुजित्सूचं डिजिटल ॲनीलर किंवा तोशिबाची सिम्युलेटेड बायफर्केशन पद्धत पूर्णपणे साध्या इलेक्ट्रॉनिक्सवर चालतात. त्यांत क्युबिट नाहीत. मोठे क्यूबो सोडवायला ती उपयोगी आहेत, आणि ॲनीलरशी तुलना करताना त्यांनाही पंक्तीत बसवायला हवं.

१६. त्रुटी-दुरुस्ती जमली की सगळं बदलेल ना?

खोल सर्किट चालवता येतील, हा बदल प्रचंड आहे. पण त्रुटी-दुरुस्तीत एक भरवशाचा क्युबिट शेकडो ते हजारो भौतिक क्युबिट मिळून बनतो आणि प्रत्येक तार्किक गेट साध्या प्रोसेसरच्या क्रियेहून कितीतरी मंद असतं. रायन बॅबुश आणि सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये हा हिशेब मांडून निष्कर्ष काढला की सुरुवातीच्या त्रुटी-दुरुस्त यंत्रांवर फक्त वर्गाइतका वेग, म्हणजे वेळ वर्गमूळाइतका कमी होणं, पुरणार नाही. घन किंवा चौथ्या घाताइतका वेग देणारे अल्गोरिदम शोधायला हवेत. प्रश्न ४ मधला हिशेब याच विचाराचा लहान नमुना आहे.

१७. मग आशा नेमकी कुठे आहे?

रचना असलेल्या प्रश्नांत. स्टीफन जॉर्डन आणि सहकाऱ्यांची ‘डीकोडेड क्वांटम इंटरफेरोमेट्री’ ही पद्धत २०२५ मध्ये नेचरमध्ये प्रसिद्ध झाली. ती ऊर्जेच्या उतारावरून खाली जात नाही. क्वांटम फूरिए रूपांतर वापरून ती ऑप्टिमायझेशनचा प्रश्न संदेशातल्या चुका दुरुस्त करण्याच्या प्रश्नात बदलते, आणि त्यासाठी अनेक दशकांत विकसित झालेले डीकोडर आपल्याकडे आहेत. सांत क्षेत्रांवरच्या बहुपदींच्या एका प्रश्नावर ती ज्ञात साध्या अल्गोरिदमपेक्षा पुष्कळ पुढे जाते. हा प्रश्न गोदामातला किंवा रेल्वेचा नाही. पण शोरप्रमाणे इथेही बीजगणिती रचना आणि व्यतिकरण एकत्र आले, आणि पुढची वाट याच बाजूला असावी असं मला मनापासून वाटतं. आपल्या प्रश्नात अशी एखादी रचना दडली आहे का, हे शोधणाऱ्याला क्युबिटांची वाट पाहायची गरज नाही.

१८. आमच्या कंपनीला गाड्यांच्या मार्ग-आखणीसाठी आत्ताच क्वांटम घ्यावं का?

रोजचं उत्तर हवं असेल तर नको. मिश्र पूर्णांक प्रोग्रॅमिंगचा चांगला सॉल्व्हर किंवा चांगली स्थानिक शोधपद्धत आज सरस पडेल. फोक्सवॅगनने २०१७ मध्ये बीजिंगमधल्या ४१८ टॅक्सींच्या नोंदी घेऊन आणि २०१९ मध्ये लिस्बनमध्ये बसगाड्यांसाठी ॲनीलर वापरून दाखवला. यंत्र खऱ्या कामात गुंफता येतं, हे त्यातून सिद्ध झालं. साध्या पद्धतीहून जलद, हे नाही.

शिकण्यासाठी एखाद्याला यात गुंतवणं मात्र योग्य आहे. प्रश्न नेमका मांडणं, नियम कुठे सैल करता येतात ते ओळखणं, लहान चाचणी-उदाहरणं तयार ठेवणं, या कामाचा फायदा साध्या सॉल्व्हरलाही होतो.

१९. यंत्राने दिलेलं उत्तर सर्वोत्तमच आहे, हे कसं ओळखायचं?

यंत्रावरून ओळखता येत नाही. ॲनीलर आणि क्यूएओए उत्तर देतात, सिद्धता देत नाहीत. ‘याहून कमी खर्च शक्य नाही’ ही खालची मर्यादा साध्या पद्धतींनी, म्हणजे रिलॅक्सेशन (नियम सैल करून सोडवणं) किंवा ब्रँच-अँड-बाउंडने (प्रश्न ४ मधली छाटणी) काढावी लागते. उत्तर आणि मर्यादा यांतलं अंतर २ टक्के असेल, तर तुम्ही सर्वोत्तमापासून जास्तीत जास्त तेवढेच लांब आहात. काँकॉर्डने ८५,९०० बिंदूंसाठी दिली ती हीच सिद्धता.

२०. प्रकल्प-अहवालात क्वांटम आणि साध्या पद्धतीची तुलना कशी मांडू?

एका धावेचा वेळ देऊ नका. ९९ टक्के खात्रीने लक्ष्याइतकं चांगलं उत्तर मिळायला लागणारा एकूण वेळ द्या. एका धावेत यशाची संभाव्यता ५ टक्के असेल तर त्यासाठी ९० धावा लागतात. त्या ९० ला एका धावेच्या वेळेने गुणा. ॲनीलिंगचे २० मायक्रोसेकंद मोजून प्रश्न यंत्रात भरण्याचे आणि उत्तर वाचण्याचे मिलीसेकंद वगळले, तर आकडा फसवा होतो. क्यूएओएत कोन शोधायला लागलेल्या सगळ्या धावा याच हिशेबात धरा.

साध्या बाजूला त्या प्रश्नासाठी ज्ञात असलेली सर्वोत्तम पद्धत घ्या आणि तिला क्वांटम बाजूइतकीच मेहनत घेऊन सुधारा. आकार वाढवत जाऊन वेळ कसा वाढतो, तो आलेख द्या. एका आकाराचा निकाल फारसं काही सांगत नाही. उदाहरणं कशी निवडली ते लिहा आणि जिथे क्वांटम मागे पडलं तीही तक्त्यात ठेवा.